उपवास चालू आहे, पण रविवार कोरडाच जातो

वाचकाचं पत्र:

ताई, सलाम. मी नागपूरला मेकोसाबाग भागात राहते. वय 49. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न सगळं एकाच चर्चमध्ये झालं. महिला मंडळाची सेक्रेटरी आहे, क्वायरमध्ये गाते, आणि प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस वाटतात त्याची, तयारी कित्येक वर्षांपासून माझ्याकडेच आहे. यंदा राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, लेंट, सुरू झाल्यापासून उपवास धरलाय. सकाळी नुसता चहा, मग थेट संध्याकाळी जेवण. बुधवारी घरसभा, शुक्रवारी लेंटची उपासना. एवढं करूनही रविवारी बाकावर बसले की आत काहीच हलत नाही. पापांगीकार, म्हणजे पापांच्या कबुलीची प्रार्थना, तोंडाने म्हणते आणि डोक्यात असतं, ग्लास पुरतील ना? उपदेश संपल्यावर कळतं की आजचं वचन कुठलं होतं तेही ऐकलं नाही. मुलगा कॉलेजात आहे. तो मित्रांबरोबर दुसऱ्या फेलोशिपला जातो, तिथे ड्रम, गिटार सगळं असतं. म्हणतो, "आई, तुमच्या चर्चमध्ये जीव नाही." नवरा म्हणतो, "चाळीस दिवस तोंड पाडून बसायचं असेल तर उपवास करतेस कशाला?" सासूबाई रविवारी उपवास धरत नव्हत्या, पण घरसभेत एक जण म्हणाल्या की मध्ये सुटी घेतली म्हणजे मोडलाच. म्हणून मी रविवारीही धरते. मन नसताना उपासनेला जाणं हे ढोंग आहे का? उपवास आणखी कडक करू? की मुलाबरोबर तिकडे जाऊन पाहू? मला शुगर आहे, गोळी चालू आहे.

ता. क. क्वायरमध्ये माझ्या शेजारी उभ्या राहतात त्या बाईंशी नाताळपासून बोलणं नाही. महिला मंडळाच्या सेलच्या हिशोबावरून झालं होतं. पण ते वेगळं.

उत्तर:

ताई, सलाम.

पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण आधी गोळीचं बोलते, कारण ते थांबू शकत नाही. शुगरची गोळी घेऊन सकाळच्या चहावर संध्याकाळपर्यंत राहू नका. काही गोळ्या अशा असतात की पोटात अन्न नसलं तर साखर एकदम खाली येते. हात थरथरतात, घाम फुटतो, चिडचिड होते, समोरचा काय बोलतोय त्यात लक्षच लागत नाही. उपदेश कानावर पडूनही आत जात नाही, त्यात थोडा हात या रिकाम्या पोटाचाही असू शकतो. शिवाय आपल्याकडे लेंट थंडी ओसरताना सुरू होतो आणि ईस्टरपर्यंत घरोघरी कूलर लागलेले असतात. नागपूरच्या मार्च-एप्रिलात तासन् तास पाण्यावाचून राहणं धडधाकट माणसालाही झेपत नाही. या आठवड्यातच डॉक्टरांना गोळी दाखवून विचारा, आणि तोवर वेळेवर जेवा. यात देवाशी बेइमानी नाही. उपवासाचे नियम कॅथलिक मंडळीने अगदी स्पष्ट लिहून ठेवलेत. तिथेही सक्तीचे उपवास दोनच, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. तेही 18 ते 59 वयाच्या लोकांना, आणि त्या दिवशीही एक पूर्ण जेवण असतंच. आजारी माणसाला तर त्यातून सूटच आहे.

आता रविवारचं. तुमच्या सासूबाई बरोबर होत्या. यंदा राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आला आणि ईस्टर 5 एप्रिलला आहे. मधले दिवस मोजा, ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत 46 भरतात. चाळीस कुठून आले? सहा रविवार वजा केल्यावर. म्हणजे ज्यांनी हा काळ आखला त्यांनी रविवार उपवासात धरलाच नव्हता. कारण रविवार हा प्रभू उठला तो दिवस, लेंट असो वा नसो. 325 साली निकीयात मंडळीची मोठी परिषद भरली होती. तिथे असंही ठरलं की रविवारची प्रार्थना गुडघे टेकून नको, उभं राहून करायची. शोकाच्या काळातही तो दिवस उठण्याचा. तेव्हा घरसभेतल्या बाईंशी वाद घालू नका, पण रविवारी दुपारी ताट वाढून घ्या आणि घरच्यांबरोबर जेवा. रविवारचं मटणसुद्धा चालेल. तुम्ही ते सोडलं असेल तर सोमवारी पुन्हा सोडा.

हे मी एवढं खोलात सांगतेय ते जेवणासाठी नाही. तुम्ही रविवारसुद्धा कामाच्या यादीत घातलाय, मला त्याची काळजी वाटते. तुमच्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य ग्लासांचं आहे. प्रत्येक मंडळीत अशी एक बाई असते, मी नागपुरातल्या बहुतेक चर्चमध्ये तिला पाहिलंय. ती बाकाच्या कडेला बसते, बाजूच्या दाराजवळ. पर्स मांडीवर, कपाटाची किल्ली मुठीत. सगळे डोळे मिटून प्रार्थना करत असतात, तेव्हा तिचा एक डोळा वेदीवर असतो, कारण पंख्याच्या वाऱ्याने जांभळ्या कापडाचं टोक उडतंय आणि त्याखाली ट्रे आहे. गीताचं शेवटचं कडवं सुरू झालं की ती अर्धी उठलेली असते. सगळ्यांना भाकर आणि द्राक्षारस मिळाला का हे ती बघते. तिला स्वतःला मिळतं ते सगळ्यात शेवटी, घाईघाईत, ओल्या हाताने. मग लोक बाहेर अंगणात बोलत उभे असतात आणि ती आत नळाखाली ग्लास धुत असते. तिच्याशिवाय उपासना होत नाही, आणि तिची उपासना मात्र होत नाही.

ताई, तुम्ही वर्षानुवर्षं त्या दाराजवळच्या जागेवर बसलात. मग आत काही हललं नाही म्हणून तुम्ही बुधवार वाढवला, शुक्रवार वाढवला, उपवास वाढवला आणि आता विचारताय की तो आणखी कडक करू का. माझं उत्तर नाही असं आहे. तुम्हाला आणखी काही करायची गरज नाही. थोडं कमी करायची आहे.

बायबलमधल्या पहिल्या राजांच्या पुस्तकात 19 व्या अध्यायात एलीया संदेष्ट्याची गोष्ट आहे, ती आज रात्री काढून वाचा. देवासाठी फार धावपळ केलेला माणूस रानात एका झुडपाखाली पडतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. देवदूत येतो. तो एलीयाला झापत नाही, प्रार्थना वाढव असंही सांगत नाही. उठ, खा, म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू असतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा तेच. मग त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालत होरेब डोंगरापर्यंत जातो. चाळीस दिवसांची ती चाल सुरू झाली ती खाऊन आणि झोपून. आपण लेंटमध्ये चाळीस दिवस तेवढे उचलतो आणि ती भाकर मागे ठेवतो.

म्हणून माझं म्हणणं असं. या लेंटचे अजून तीन रविवार आहेत, 15 आणि 22 मार्च, आणि 29 तारखेचा झावळ्यांचा रविवार. हे तीनही रविवार प्रभुभोजनाची तयारी सोडा. पाळकसाहेबांना स्वतः भेटून सांगा की तब्येतीमुळे आणि मनामुळे तीन रविवार मला नुसतं बाकावर बसायचंय. कारणं द्यायला लाजू नका. किल्ली दुसऱ्या कोणाकडे तरी द्या, एखाद्या तरुण मुलीकडे दिलीत तर उत्तम. ग्लास कमी पडले तर पडू देत, मंडळी शिकेल. क्वायरमधूनही तीन रविवार खाली या. मग दारापासून लांब, मधल्या बाकावर बसा. शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचे शास्त्रपाठ एकदा शांतपणे वाचून ठेवा, म्हणजे वचन कानाला अनोळखी राहणार नाही. आणि प्रभुभोजनाला इतरांसारख्या रांगेत जा, रिकाम्या हातांनी. तीन रविवारांत तुम्हाला काही विलक्षण वाटेल असं वचन मी देत नाही. पण गेल्या कित्येक वर्षांत तुम्हाला कोणी वाढलेलं नाही, ते तरी होईल.

जुन्या रिवाजात 15 तारखेच्या या चौथ्या रविवारी लेंटचा जांभळा रंग थोडा उतरवून गुलाबी कापड घालतात, वाटेत जरा आनंद घ्या म्हणून. आपल्याकडे बऱ्याच चर्चमध्ये ते होत नाही. तुम्ही मात्र त्या दिवशी गुलाबी साडी नेसून जा!

आता ढोंगाचं. मन नसताना जाणं ढोंग नाही. लोकांनी बघावं म्हणून मन असल्याचं दाखवणं हे ढोंग, आणि तुम्ही तर उलट मला मोकळेपणी लिहिलंत. उपासनेचा क्रम लिहिलेला का असतो याचा विचार करा. पापांगीकार, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना हे सगळे मिळून एका आवाजात म्हणतात. त्या आवाजात एखाद्या रविवारी तुमचा जीव नसेल, तर पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजोबांचा असतो. पुढच्या महिन्यात त्यांच्या घरी काही घडेल आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटणार नाही, तेव्हा तुमचा असेल. एकट्याने घरी प्रार्थना करण्यात आणि मंडळीत करण्यात हा एक मोठा फरक आहे, आणि वाळलेल्या मनाच्या माणसाला मंडळीची गरज जास्त असते. 51 वं स्तोत्र राखेच्या बुधवारी आपण म्हणतो. त्यात दावीद शुद्ध हृदय निर्माण कर म्हणतो, तारणाचा आनंद परत दे म्हणतो. परत दे म्हणतो म्हणजे त्या घडीला तो आनंद त्याच्याकडे नाही. तरीही तो देवासमोर उभा आहे आणि बोलतोय. तुम्हालाही तेवढं पुरेसं आहे. पापांगीकाराच्या वेळी सगळे शब्द मनापासून निघाले नाहीत तर एकच ओळ धरा आणि बाकीच्या मंडळीवर सोडा.

नवऱ्याचं बोलणं लागलं असेल, पण त्यांचं ऐका. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूनेच सांगितलंय की उपवास कराल तेव्हा डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, उपवास लोकांना दिसू नये. घरात एक माणूस सहा आठवडे उपाशी आणि त्रासलेला असला की सगळ्या घराला उपवास घडतो. रविवारी दुपारचा स्वयंपाक तिघांनी मिळून करा, किंवा सकाळी तर्री-पोहे बाहेरून आणा आणि दुपारी साधा वरण-भात लावा. यशयाच्या 58 व्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास सांगितलाय, तो भुकेल्याला आपल्यातली भाकर देण्याचा आहे. जेवण वगळायचंच असेल तर आठवड्यातून एका वेळचे पैसे बाजूला काढून घरातल्या कामवाल्या बाईला किराणा घेऊन द्या. पण तेही डॉक्टरांना विचारल्यावर.

मुलाचं थोडक्यात सांगते. तो कुठेतरी प्रार्थनेला जातोय, यासाठी आधी देवाचे आभार माना. त्याच्या वयाची कितीतरी मुलं कुठेच जात नाहीत. "जीव नाही" या शब्दावर भांडू नका. एका संध्याकाळी त्याच्याबरोबर तिकडे जा, पण तुलना करायला नको, त्याचा देव त्याला कसा भेटतो ते बघायला जा. परतताना त्याला विचारा की आज तुला काय लागलं, आणि मग गप्प राहून ऐका. देव कुठे गाठेल याचा नेम नसतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांना तो नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यात भेटला. एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला, आणि पुढे 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मध्ये बराच काळ गेला, घालमेल झाली. आज आपण रविवारी जी मराठी भजनं म्हणतो त्यातली कितीतरी त्याच माणसाची. मुलाला एवढी गोष्ट सांगा आणि सोडून द्या. त्याला ओढून आणू नका, आणि तुम्हीही आपलं चर्च सोडू नका. जागा बदलल्याने तुमचा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही, कारण तो प्रश्न क्वायरमध्ये तुमच्या शेजारी उभा आहे.

ता. क. मध्ये तुम्ही लिहिलंत, "पण ते वेगळं." ताई, ते वेगळं नाही.

विचार करा. दर रविवारी त्या बाईंच्या खांद्याला खांदा लावून तुम्ही उभ्या राहता. दोघींच्या हातात गीतांचं पुस्तक, कधी तर एकच असेल. दोघी एकच ओळ गाता, एकाच वेळी श्वास घेता. आणि ती ओळ संपली की मान दुसरीकडे. प्रभूची शांती द्यायची वेळ येते तेव्हा तुम्ही उजवीकडच्या बाईंना हात जोडता, मागे वळता, पुढे वाकता आणि डावीकडे बघत नाही. हे नाताळपासून चाललंय, म्हणजे किती रविवार झाले ते तुमचं तुम्ही मोजा. एवढी मेहनत दर रविवारी करणाऱ्या मनात दुसरं काही हलायला जागा कुठे राहणार? डोळे, कान, मान सगळं त्या एका माणसाला न बघण्यात गुंतलेलं. मला तर वाटतं की ग्लासांची काळजीसुद्धा थोडी त्यातूनच आली असेल. हाताला काम असलं की नजर वर उचलावी लागत नाही.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो की दान वेदीजवळ आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तुमच्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असं तिथे म्हटलेलं नाही. त्याच्या मनात तुमच्याविरुद्ध असेल तर, असं म्हटलंय. कोण चुकलं याचा निकाल लागेपर्यंत थांबायची सवलतच त्यात नाही. तुम्ही दान आणलंय, उपवास आणलाय, घरसभा आणली आहे. आता ते वेदीजवळ ठेवून जायची वेळ आहे.

आपल्याच शहरात एक गोष्ट झाली आहे, ती मला अशा वेळी आठवते. 29 नोव्हेंबर 1970 ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तोही रविवारच होता. त्यात लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे होते आणि मोठेपणीच द्यावा असं ठामपणे मानणारेही होते. लेंट पाळणारे होते, फारसं न पाळणारे होते. त्या बोलण्यांना कित्येक वर्षं लागली. तरी ते एका वेदीशी आले. तुमचा आणि त्या बाईंचा प्रश्न एका सेलच्या हिशोबाचा आहे.

हिशोब खरोखर जुळत नसेल तर तो मंडळाच्या मिटिंगमध्ये, वह्या-पावत्या समोर ठेवून, खजिनदारांसमोर पुरा करा. पैशाचं अर्धवट ठेवू नका, मंडळीत त्याने फार विष पसरतं. पण भेटीत हिशोब आणू नका. दोन्ही कामं वेगळी ठेवलीत तरच दोन्ही होतील.

भेट चर्चच्या अंगणात नको, तिथे दहा कान असतात. रविवारीही नको. आधी फोन करून वेळ विचारा आणि त्यांच्या घरी जा, एकट्या. पाळकसाहेबांना किंवा महिला मंडळातल्या कोणाला मध्ये घेऊ नका. ते पुढचं पाऊल आहे, पहिलं नाही. काय बोलायचं तेही ठरवून जा, नाहीतर पहिल्या दोन वाक्यांतच हिशोब निघेल. एवढंच म्हणा: "त्या दिवशी मला फार लागलं होतं. पण त्यानंतर इतके महिने तुमच्याशी बोलले नाही, ते बरोबर केलं नाही. माफ करा." पहिलं वाक्य खरं आहे म्हणून म्हणायचं, दुसरं तुमच्या वाट्याचं म्हणून. त्यांनी काय केलं हे तिसरं वाक्य तुम्ही बोलू नका. त्या बोलल्या तर ऐका. रडू आलं तर येऊ द्या. चहा आला तर पिऊन या.

त्या दार अर्धवट उघडूनही तुम्हाला परत पाठवतील, असंही होऊ शकतं. "आता कशाला आलात" म्हणतील. तेव्हाही "बरं, मी येऊन गेले" एवढं म्हणून परत या आणि कोणाला सांगू नका, घरसभेत प्रार्थनेचा विषय म्हणूनसुद्धा नाही. रोमकरांच्या पत्रात पौलाने लिहिलंय की तुमच्याकडून जेवढं होईल तेवढं सर्वांशी शांतीने राहा. पौलाला ठाऊक होतं की उरलेलं समोरच्याच्या हातात असतं. तुम्ही तीन रविवार क्वायरमध्ये नसाल, त्यामुळे त्यांनाही विचार करायला थोडी जागा मिळेल. पुढे उत्तम शुक्रवारी, क्रुसावरच्या सात उद्गारांच्या उपासनेत, तुम्ही पुन्हा एकमेकींशेजारी याल. त्या वेळी शांती देताना डावीकडे वळा, त्यांनी हात जोडले नाहीत तरी तुम्ही जोडा.

फोन याच आठवड्यात करा. त्यासाठी एखादी बुधवारची घरसभा चुकली तरी चालेल.